आईच्या फाईलमागचं गणित : इलेक्ट्रॉन किती जोरात पळतो?

गेल्या उन्हाळ्यात आईच्या गालावरच्या गाठीसाठी आम्ही छत्रपती संभाजीनगरला रोजची ये-जा करत होतो. आमच्याकडे किरणोपचार असं कुणी म्हणत नाही. "लाईट चालू आहेत" म्हणतात, नाहीतर "शेक द्यायलेत". आई आत जायची, हातभर जाडीचं दार बंद व्हायचं, वर तांबडा दिवा लागायचा आणि एक-दीड मिनिटात सगळं संपायचं. त्या एक-दीड मिनिटासाठी बाकड्यावर दोन-दोन तास बसणं आलंच.

भाची लातूरला बारावीचे क्लास करते. आठ दिवसांची सुट्टी मिळाली म्हणून आजीसोबत आली होती. मशीन चालवणाऱ्या ताईंनी बोलता बोलता सांगितलं की आजींना सहा एमईव्हीचे इलेक्ट्रॉन आहेत. झालं. लातूरच्या क्लासमधल्या पोरांना आकडा दिसला की हात शिवशिवतो. तिनं आजीची फाईल उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पानावर गणित मांडलं. गतिज ऊर्जा माहीत, वस्तुमान माहीत, मग वेग काढायला किती वेळ लागतो?

पाच मिनिटांनी फाईल माझ्याकडे सरकली. "मामा, काहीतरी चुकायलंय."

तिचं उत्तर होतं सेकंदाला साडेचौदा लाख किलोमीटर. चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. म्हणजे आईच्या गालावर पडणारा इलेक्ट्रॉन एका सेकंदात इथून चंद्राएवढं अंतर पावणेचार वेळा कापणार. प्रकाश सेकंदाला जेमतेम तीन लाख किलोमीटर जातो. हिचा इलेक्ट्रॉन त्याच्या जवळपास पाचपट.

मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे आधी आकडेमोड तपासली. त्यात एकही चूक नव्हती. चूक होती ती सूत्र निवडण्यात, आणि ती तिची एकटीची नाही. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, हे नववीपासून इतकं घोटून घेतलेलं असतं की ते कुठवर चालतं हे विचारायची सवयच राहत नाही.

आधी हा 'एमईव्ही' काय प्रकार आहे ते बघू. एखादा इलेक्ट्रॉन १ व्होल्टच्या फरकातून ढकलला की त्याला जी ऊर्जा मिळते ती एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हजार झाले की केईव्ही, दहा लाख झाले की एमईव्ही. कणांच्या दुनियेत हेच नाणं चालतं, कारण ज्यूलमध्ये लिहायला गेलं तर एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे दशांश चिन्हानंतर १८ शून्यं आणि मग १६. किलोग्रॅममध्ये इलेक्ट्रॉनचं वस्तुमान लिहायचं तर ३० शून्यं आणि मग ९११. भाचीनं ही सगळी शून्यं इमानदारीनं सांभाळली होती. त्यांची गरज नव्हती.

गरज आहे ती दुसऱ्या एका आकड्याची. कण जागेवर गप उभा असला, तरी नुसत्या असण्यामुळे त्याच्यात ऊर्जा असते. पोरं जे 'ई बरोबर एमसी स्क्वेअर' शर्टावर छापून फिरतात, ते हेच. वस्तुमानाला प्रकाशवेगाच्या वर्गानं गुणलं की येते ती विरामऊर्जा. इलेक्ट्रॉनची विरामऊर्जा ०.५११ एमईव्ही, प्रोटॉनची ९३८.३ एमईव्ही. दोन्ही आकडे पाठ करून टाकावेत. मोबाईल नंबरापेक्षा लहान आहेत.

आता कुठलंही गणित हाती घेण्याआधी एकच गोष्ट बघायची. दिलेली गतिज ऊर्जा विरामऊर्जेच्या मानानं किती आहे? गतिज ऊर्जा नगण्य असेल तर शाळेतलं सूत्र डोळे झाकून वापरा. तासाला ६० किलोमीटरनं जाणाऱ्या आपल्या लाल एसटीची गतिज ऊर्जा तिच्या विरामऊर्जेच्या मानानं इतकी किरकोळ असते, की दशांश चिन्हानंतर १४ शून्यं द्यावी लागतात. म्हणून एसटीला न्यूटन पुरतो. आईच्या इलेक्ट्रॉनची गोष्ट वेगळी. त्याला मिळालेली ऊर्जा ६ आणि त्याची स्वतःची फक्त ०.५११. वरकमाई मूळ भांडवलाच्या पावणेबारा पट! अशा ठिकाणी शाळेतलं सूत्र वापरणं म्हणजे किराणा तोलायच्या ताजव्यावर उसाची ट्रॉली चढवणं.

मग करायचं काय? मी फाईलच्या त्याच पानावर काटकोन त्रिकोण काढला.

एक शिडी भिंतीला टेकवली आहे असं समज, म्हटलं. शिडीचा पाय भिंतीपासून ०.५११ अंतरावर पक्का रोवलेला. हे अंतर म्हणजे विरामऊर्जा, ते कधीच बदलत नाही. शिडीची लांबी म्हणजे कणाची एकूण ऊर्जा, विरामऊर्जा अधिक गतिज ऊर्जा. आणि शिडी भिंतीवर जिथवर पोचते ती उंची म्हणजे कणाचा संवेग, तोही ऊर्जेच्याच मापात बसावा म्हणून प्रकाशवेगानं गुणलेला. विशेष सापेक्षता सांगते की या तिघांचं नातं पायथागोरसचं आहे. लांबीचा वर्ग बरोबर पायाचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या कामातून निघालेली ही गोष्ट शाळेतल्या भूमितीत इतकी चपखल बसते, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि वेग? उंचीला लांबीनं भागायचं. जे येईल तो प्रकाशवेगाचा तेवढा हिस्सा. बस.

आईचा इलेक्ट्रॉन घेऊ. शिडीची लांबी ६ अधिक ०.५११, म्हणजे ६.५११. तिचा वर्ग ४२.३९. पायाचा वर्ग ०.२६. वजा केले तर ४२.१३, त्याचं वर्गमूळ ६.४९१. ही उंची. आता ६.४९१ ला ६.५११ नं भागलं की ०.९९६९. म्हणजे प्रकाशवेगाच्या ९९.६९ टक्के, सेकंदाला २ लाख ९८ हजार ८०० किलोमीटरच्या आसपास. प्रकाशापेक्षा सेकंदाला साधारण ९०० किलोमीटर कमी.

भाची त्रिकोणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उंची लांबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही की!"

नेमकं तेच. काटकोन त्रिकोणात कर्ण सगळ्यात मोठा असतो. पाय भिंतीपासून थोडा जरी लांब असला, तरी शिडी कितीही लांब करा, उंची तिच्यापेक्षा केसभर का होईना कमीच राहणार. वस्तुमान असलेला कण प्रकाशाला गाठत का नाही, याचं एवढं लहान उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही. आणि पाय भिंतीलाच चिकटला असेल, म्हणजे वस्तुमान शून्य असेल, तर शिडी सरळ उभी राहते, उंची आणि लांबी एकच. तो कण कायम प्रकाशवेगानंच जातो. प्रकाश स्वतः त्यातलाच.

पुस्तकात हेच गणित गॅमा नावाच्या आकड्यानं करतात. गॅमा म्हणजे शिडीची लांबी पायाच्या अंतराच्या किती पट आहे ते. गतिज ऊर्जेला विरामऊर्जेनं भागायचं आणि १ मिळवायचा. आपल्या इलेक्ट्रॉनसाठी ६ भागिले ०.५११ म्हणजे ११.७४, अधिक १, गॅमा १२.७४. मग १ भागिले गॅमाचा वर्ग, ते १ मधून वजा, आणि वर्गमूळ. उत्तर तेच, ०.९९६९. परीक्षेत ही वाट जवळची पडते. समजून घ्यायला मला शिडी बरी वाटते.

इथे एक खड्डा आहे आणि दरवर्षी निदान दोघं-तिघं त्यात पडतात. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की वेग वाढला की वस्तुमान वाढतं, गॅमापट होतं. मग हुशार पोरगं म्हणतं, ठीक आहे, अर्ध्याच्या सूत्रात वस्तुमानाच्या जागी गॅमापट वस्तुमान टाकू. टाकून बघा. अर्धा गुणिले १२.७४ गुणिले ०.५११ गुणिले ०.९९३८. येतात सव्वातीनच्या थोडं आत एमईव्ही. पाहिजे होते ६. निम्मी ऊर्जा गायब! म्हणून मी वर्गात 'वस्तुमान वाढतं' हे वाक्य वापरतच नाही. वस्तुमान म्हणजे शिडीचा पाय, तो हलत नाही. हलतात बाकीचे दोघं.

मधेच आई बाहेर आली. आमचं चाललेलं बघून म्हणाली, काय हिशोब करायलेत एवढा? भाचीनं तिला सांगितलं की आजी, मशीन कितीपण जोर लावू दे, इलेक्ट्रॉनचा वेग एका हद्दीपाशी अडतो, पुढची ऊर्जा त्याच्यात नुसती भरत जाते. आईचं माहेर पैठणकडचं. ती म्हणाली, "मग नाथसागरासारखंच की. तळात असताना पाणी आलं की पातळी सरसर चढती. वरच्या एकेका फुटाला लई पाणी लागतं."

मी ही उपमा तिच्याकडून उसनी घेतली आणि आता वर्गातही वापरतो. जायकवाडी हे पसरट धरण. पातळी वर जाते तसा पाण्याचा पसारा वाढतो, त्यामुळे खालच्या फुटाला जेवढं पाणी पुरलं तेवढं वरच्या फुटाला पुरत नाही. पावसाळ्यात आपण सगळेच 'धरण किती टक्के झालं' हे बघत असतो, ते फुटांत मोजलं तर शेवटी शेवटी पातळी हलेनाशी वाटते. पातळी म्हणजे वेग, पाणी म्हणजे ऊर्जा. फरक एवढाच की नाथसागर १५२२ फुटांवर खरोखर भरतो आणि मग दरवाजे उघडावे लागतात. इलेक्ट्रॉनच्या धरणात प्रकाशवेगाची रेघ आखलेली आहे, पण त्या रेघेपर्यंत भरायला अमर्याद पाणी लागेल. दरवाजांची वेळच येत नाही.

मग न्यूटन खोटा का? तर नाही. शिडी पायाच्या मानानं जेमतेम लांब असेल, म्हणजे ती जवळजवळ जमिनीवरच पडलेली असेल, तर पायथागोरसमधून घासून-पुसून अर्धा-वस्तुमान-वेगाचा-वर्ग हेच निघतं. किती चुकेल याचा एक हिशोब मी पोरांना देतो. गतिज ऊर्जा विरामऊर्जेच्या जितके टक्के, त्याच्या पाऊणपट टक्क्यांनी शाळेतलं सूत्र वेग जास्त दाखवतं. टक्के थोडे असतील तोवर हा पाऊणकीचा हिशोब छान चालतो.

जुना डब्बा टीव्ही आठवत असेल, पाठीमागे भलं मोठं पोट असलेला. त्याच्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉन साधारण २५ हजार व्होल्टनं पडद्यावर फेकले जायचे. २५ केईव्ही म्हणजे ५११ केईव्हीच्या ४.९ टक्के. पाऊणपट म्हणजे ३.७ टक्के चूक अपेक्षित. आता नीट करून बघा. न्यूटनच्या हिशोबानं प्रकाशवेगाचा ०.३१३ हिस्सा, शिडीच्या हिशोबानं ०.३०२. बरोबर तेवढाच फरक. म्हणजे गावातल्या एकुलत्या एक टीव्हीपुढे अख्खी आळी क्रिकेट बघत बसायची, तेव्हा त्या डब्यात इलेक्ट्रॉन सेकंदाला ९० हजार किलोमीटरनं पळत होते आणि सापेक्षता तिथेही थोडी थोडी डोकवत होती.

गंमत अशी की शाळेतलं सूत्र प्रकाशवेग ओलांडतं ते नेमकं गतिज ऊर्जा विरामऊर्जेच्या निम्मी झाली की. इलेक्ट्रॉनसाठी २५५ केईव्हीला. खरा वेग तेव्हा प्रकाशाच्या पाऊणपटीला किंचित कमी असतो.

भाचीला मग पुढचा प्रश्न पडला आणि तो मला सगळ्यात आवडला. त्या मशीनवर बारा एमईव्हीचं पण बटण आहे, असं ताई म्हणाल्या होत्या. "मामा, बारा घेतले तर वेग किती वाढंल?"

काढला. शिडी १२.५११, उंची १२.५००६, भागाकार ०.९९९२. सहाला ०.९९६९ होता. ऊर्जा दुप्पट केली आणि वेग पाव टक्काही वाढला नाही.

"मग बारा कशाला ठेवलेत? वेग तर तेवढाच."

कारण डॉक्टरला वेगाशी काही देणंघेणं नाही. इलेक्ट्रॉन शरीरात शिरला की वाटेत प्रत्येक सेंटीमीटरला साधारण दोन एमईव्ही गमावत जातो. आपलं शरीर या बाबतीत पाण्यासारखंच. म्हणजे सहावाला तीन सेंटीमीटरच्या आसपास थांबतो, बारावाला सहाच्या आसपास. आईची गाठ कातडीत, वरवरची. तिथे सहा पुरतात, आणि त्या खालच्या भागाला झळ लागत नाही. गाठ खोल असती तर जास्त ऊर्जा निवडली असती. वेग बघितला तर दोन्ही झोत सारखेच वाटतात. ऊर्जा बघितली तर एक दुसऱ्याच्या दुप्पट खोल जातो. माझ्या मते या अख्ख्या विषयात समजून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. हद्दीजवळ गेल्यावर 'किती वेगानं?' हा प्रश्न विचारून हाती काही लागत नाही. म्हणून कणांवर काम करणारी माणसं वेगाबद्दल बोलतच नाहीत, एमईव्ही सांगतात आणि गप्प बसतात.

त्या मशीनला लिनॅक म्हणतात, म्हणजे सरळ रेषेत कणांना पळवणारं यंत्र. आत तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि एका नळीतून सूक्ष्मलहरींच्या धक्क्यांवर पुढे ढकलले जातात. बहुतेक रुग्णांसाठी ते टंगस्टनच्या तुकड्यावर आपटवून क्ष-किरण काढतात. कातडीजवळच्या आजारात तो तुकडा बाजूला करून इलेक्ट्रॉनच थेट सोडतात.

हे सगळं कागदावर छान दिसतं, पण कुणी मोजलंय का? मोजलंय, आणि फार सरळ पद्धतीनं. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या विल्यम बर्टोझी यांनी प्रयोग प्रसिद्ध केला. इलेक्ट्रॉनचे छोटे झुबके ८.४ मीटर अंतरावरून पाठवायचे आणि निघाल्यापासून पोचेपर्यंतचा वेळ ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेचे झटपट बदल रेघेनं दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर वाचायचा. अंतर भागिले वेळ, वेग तयार. सूत्र नको, सिद्धांत नको, नुसतं शाळेतलं गणित. अर्ध्या एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनचा वेग आला सेकंदाला २ लाख ६० हजार किलोमीटर. साडेचार एमईव्हीचा आला २ लाख ९६ हजार. ऊर्जा नऊपट झाली म्हणून न्यूटन तिप्पट वेग मागत होता. मिळाला जेमतेम १४ टक्के.

यावर कुणी म्हणेल की मशीननं सांगितली तेवढी ऊर्जा इलेक्ट्रॉनला मिळालीच नसेल. बर्टोझींना हा आडाखा आधीच होता. त्यांनी इलेक्ट्रॉन जिथे आपटतात तिथे अॅल्युमिनियमची चकती ठेवली आणि ती किती तापते ते मोजलं. उष्णता तेवढीच निघाली जेवढी ऊर्जा दिली होती. वेग अडला होता, ऊर्जा पोचली होती.

आता प्रोटॉन घ्या. त्यालाही सहाच एमईव्ही द्या. त्याची विरामऊर्जा ९३८.३, म्हणजे मिळालेली ऊर्जा अर्धा टक्क्याच्या जरा वर. शिडी जमिनीवरच पडलेली. वेग प्रकाशाच्या ११.३ टक्के, आणि न्यूटनही अर्ध्या टक्क्याच्या फरकानं तेच सांगतो. ऊर्जा तीच, पण एकाला आइन्स्टाइन लागतो आणि दुसऱ्याला नाही. म्हणून 'सापेक्षता मोठ्या ऊर्जेला लागते' असं मोघम बोलू नये. कुणाच्या मानानं मोठी, ते आधी विचारावं.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या २७ किलोमीटरच्या वर्तुळात प्रोटॉन ६.८ टेव्हपर्यंत नेतात. टेव्ह म्हणजे दहा लाख एमईव्ही. इथे गॅमा येतो ७२४७ च्या जवळ, आणि इथेच दुकानातला कॅल्क्युलेटर दगा देतो. १ मधून इतका बारीक आकडा वजा करायला सांगितला की आठ आकड्यांचा पडदा संपतो आणि तुम्हाला १ किंवा त्याच्या खेटून काहीतरी दिसतं. अशा वेळी वेग काढूच नये, प्रकाशापेक्षा तो किती कमी आहे ते काढावं. १ ला गॅमाच्या वर्गाच्या दुपटीनं भागायचं. जे येईल तेवढा हिस्सा कमी. प्रोटॉनसाठी हा फरक निघतो सेकंदाला २.८५ मीटर. तासाला साधारण दहा किलोमीटर!

पुन्हा वाचा. प्रकाश आणि त्या प्रोटॉनच्या वेगात फरक आहे तो शेतातून सावकाश सायकल मारत येणाऱ्या माणसाच्या वेगाएवढा. २०२२ च्या आधी तिथली ऊर्जा ६.५ टेव्ह होती. ती ६.८ वर नेली तेव्हा प्रोटॉनचा वेग वाढला तो तासाला सुमारे एक किलोमीटरनं. एवढ्यासाठी ती सगळी यातायात. अर्थात यातायात वेगासाठी नव्हतीच.

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात आकाशातून आलेल्या एका कणाची ऊर्जा मोजली गेली, ती फिरकी गोलंदाजाच्या चेंडूएवढी भरली. चेंडूएवढी, आणि कण एकच. तो प्रोटॉन होता असं धरलं तर संगणकाचे सोळा आकडेही त्याचा वेग १ पासून वेगळा दाखवू शकत नाहीत. वरचं दुपटीचं सूत्र मात्र दाखवतं.

असे आकाशातून येणारे कण आपल्या अंगावरून रोज जात असतात. मे महिन्यात गच्चीवर वाकळ टाकून झोपता ना, तेव्हा हात उताणा पसरा. तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचाच एक जड भाऊबंद, आरपार जातो. तो सुमारे १५ किलोमीटर उंचीवर जन्मतो आणि त्याचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या २.२ पट. तेवढ्या वेळात प्रकाशवेगानंही साडेसहाशे मीटरच जाता येतं. मग तो गच्चीपर्यंत येतो कसा? त्याची विरामऊर्जा १०५.७ एमईव्ही आणि जमिनीपाशी गतिज ऊर्जा सरासरी ४००० च्या आसपास. भागा, १ मिळवा. गॅमा ३९. हाच गॅमा घड्याळांवरही बसतो. आपल्या दृष्टीनं त्याचं आयुष्य ३९ पट लांबतं आणि २५ किलोमीटरचा पल्ला हाती येतो. वेगवान कणांचं आयुष्य असं लांबलेलं दिसायला हवं हे होमी भाभांनी १९३८ मध्येच लिहून ठेवलं होतं.

(हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार म्हटल्यापासून आइन्स्टाइन आपल्याकडे घरचा झालाय. पण तिथे चार-चार किलोमीटरच्या भुजांनी पकडायच्या आहेत गुरुत्वीय लहरी, त्या १९१५ च्या व्यापक सापेक्षतेतल्या. या लेखातली शिडी १९०५ ची. दोन्हींची गल्लत करू नये.)

शेवटच्या आठवड्यात आई बाहेर आली आणि म्हणाली, डोळे मिटलेले असताना निळं चमकायलंय. मी घाबरलो. डॉक्टरांनी सांगितलं, काळजी नको, काही पेशंटना असं दिसतं.

बाकड्यावर बसून भाचीनं फाईल पुन्हा उलटी केली. यावेळी गणित उलटं होतं. मी तिला एवढंच सांगितलं की रिकाम्या जागेतल्या प्रकाशाला कुणी गाठत नाही, पण पाण्यात प्रकाश स्वतःच मंदावतो. १.३३ नं भागायचं, पाऊणपट राहतो. डोळ्याच्या आतला द्रवही जवळजवळ पाणीच. त्यात एखादा भारित कण त्या मंदावलेल्या प्रकाशापेक्षा जोरात घुसला, तर निळसर उजेड पडतो. रशियाच्या पावेल चेरेन्कोव्ह यांनी १९३४ मध्ये तो पाहिला आणि १९५८ मध्ये त्यासाठी नोबेल मिळवलं. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत किरणोपचार चालू असताना रुग्णाच्या डोळ्यातला हा उजेड कॅमेऱ्यातही पकडला गेला. आता सांग, इलेक्ट्रॉनला त्यासाठी किती ऊर्जा पाहिजे?

तिनं वेग ०.७५२ धरला. १ वजा त्याचा वर्ग, ०.४३४५. वर्गमूळ ०.६५९. १ ला त्यानं भागून गॅमा १.५१७. त्यातला १ गेला, उरले ०.५१७, गुणिले ५११. उत्तर २६४ केईव्ही. सहा हजार केईव्हीचा झोत गालावर पडत असताना त्यातले थोडे विखुरलेले इलेक्ट्रॉन बाजूच्या डोळ्यात शिरले, तर हा उंबरठा ते सहज ओलांडणार. बहुधा आईला दिसलं ते हेच.

"आजी," भाची म्हणाली, "तुझ्या डोळ्यात इलेक्ट्रॉन लाईटच्या पुढं पळायलेत."

आईनं पदर सारखा केला. "मग त्याला लाईट कशाला म्हणतात गं?"